साधं पाणीही विचारलं नाही

हॉटेलात जेवण उशिरा आलं म्हणून मी भांडत नाही. रविवारी रात्री साडेआठला फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जायचं म्हणजे थांबावं लागणार, हे घरून निघतानाच धरलेलं असतं. मला राग येतो तो आपण त्या टेबलावर बसलेलोच नाही असं सगळे वागायला लागतात तेव्हा. वेटर अगदी शेजारून जातो, पण नजर आपल्या डोक्यावरून पलीकडे. कॅप्टनचं लक्ष दाराकडे. गल्ल्यावरचे शेठ फोनवर. पाणीसुद्धा मागून मिळतं, आणि मागितल्यावर लगेच मिळतंच असं नाही.

ही तक्रार मी माझ्या मामांपुढे मांडली. मामा पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी गावातून मुंबईला आले ते दादरच्या उडुपी हॉटेलात फडक्यावर. फडक्यावर म्हणजे टेबलं पुसायची, बशा उचलायच्या. शिक्षण रात्रशाळेत, झोप हॉटेल बंद झाल्यावर जोडलेल्या टेबलांवर. पुढे वेटर झाले, कॅप्टन झाले आणि पुण्यातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटचे मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. ते वेटरची बाजू घेणार हे मला ठाऊक होतं. मला ती ऐकायचीच होती.

"चव-बिव सोड," मामा म्हणाले. "बसल्यापासून उठेपर्यंत काय झालं ते क्रमानं सांग."

मी सांगितलं. आम्ही सात जण होतो. बाबांना मधुमेह आहे. 'पंधरा मिनिटांत येईल' असं वेटरनं सांगितल्यावर त्यांनी जेवणाआधीची गोळी घेतली. थोड्या वेळानं भाज्या आल्या, रोट्या नाहीत. भाज्या निवून वर तूप थिजलं. मुलांचे नूडल्स आले तोवर मुलं पेंगायला लागली होती. शेवटी मी वेटरला थांबवून सांगितलं, की बाबांनी गोळी घेतली आहे, त्यांच्यापुरतं काहीतरी आधी आणा. 'हो मॅडम, पाच मिनिट,' म्हणून तो जो गेला तो पुन्हा आमच्याकडे फिरकलाच नाही. बाबांच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा पर्समधली लिमलेटची गोळी त्यांना चघळायला दिली. बिल मात्र मागताक्षणी आलं. खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज छापलेला.

"दाजी आता बरे आहेत ना?"

"आहेत. पण ते बरे आहेत म्हणून ही गोष्ट लहान होत नाही."

"लहान मी म्हणतच नाही. पण तू सगळा दोष त्या पोराच्या माथी मारून मोकळी होशील, म्हणून आधी आतलं ऐक. भाजी आधी आणि रोटी नंतर का येते, ठाऊक आहे? पंजाबी भाजी म्हणजे दोन-तीन मिनिटांचं काम. लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते. ऑर्डर आली की पनीर टाकायचं, परतायचं, उतरवायचं. रोटीला मात्र एकच तंदूर आणि एकच तंदूरवाला. भिंतीला एका वेळी आठ-दहा रोट्या चिकटतात, आणि त्याच तंदूरमध्ये टिक्केही लागतात. वीस टेबलांवरून एकदम रोट्या मागितल्या की तो काय करणार? वेटरनं तिथं जाऊन नुसतं विचारलं तरी उस्ताद सळई उगारतो."

"मग भाजी थांबवून ठेवायची. रोटी निघायच्या बेतात आली की भाजी टाकायची."

"बरोबर! पण ते बघायला भटारखान्याच्या खिडकीवर एक माणूस उभा लागतो. कुठल्या टेबलाची केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, कधी आली, काय गेलं, काय राहिलं, हे डोक्यात ठेवणारा. ते काम मी वर्षानुवर्षं केलं. आता त्या खिडकीवर जाऊन बघ. पार्सलचे डबे रचलेले असतात आणि ऑनलाइन ऑर्डरची मशीनं वाजत असतात. डिलिव्हरीची पोरं दारात मोबाइल पुढे धरून उभी. त्या ऑर्डरला घड्याळ लावलेलं असतं. उशीर झाला की अॅपवर दिसतं, तारे कमी होतात. तुझ्या टेबलाला घड्याळ नाही. त्यामुळे खिडकीवरचा माणूस आधी कुणाचा डबा भरणार?"

हे मला नवीन होतं. समोर बसलेल्या माणसापेक्षा न दिसणारं गिऱ्हाईक पुढं जातं, कारण त्याचा उशीर कुठंतरी नोंदला जातो आणि आपला नोंदलाच जात नाही. आपण नुसते चुळबुळतो, आणि चुळबुळीची नोंद कुणी ठेवत नाही.

"पण मामा, हे मालकाला दिसत नाही का? दोन्ही गिऱ्हाइकं झेपत नसतील तर एक कमी करावं."

"मालकाचंही ऐक. भाडं आहे, गॅस आहे, तेल आहे. ऑनलाइनवाल्यांचं कमिशन आहे. नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी झाला, गिऱ्हाईक खूश झालं. पण मालक सामानावर, भाड्यावर जो कर भरतो त्याची वजावट त्याच वेळी बंद झाली. तो पैसा कुठून तरी निघायला हवा. धंद्यात सगळ्यात सोपी काटछाट कुठली, तर माणसांची. चार टेबलांना एक वेटर होता, तिथं आठांना एक झाला. जुना माणूस पगार मागतो म्हणून गेला, तिथं गावाकडून काल आलेला पोरगा उभा केला."

"आणि टेबलं मात्र वाढवली. आमच्या खुर्चीमागून वेटरला आडवं होऊन जावं लागत होतं."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत मोलाचं वाटलं.

"खरी सर्व्हिस दारात सुरू होते," ते म्हणाले. "मी मॅनेजर असताना आत चार टेबलं रिकामी असली तरी बाहेरच्या चारही पार्ट्यांना एकदम आत घेत नव्हतो. एकाला बसवायचं, त्याची ऑर्डर आत जाऊ द्यायची, मग पाच-सात मिनिटांनी दुसरा. म्हणजे भटारखान्यात चार ऑर्डरी एका दमात पडत नाहीत. टेबल रिकामं म्हणजे चूलही रिकामी असं नसतं. पण बाहेरचा माणूस काचेतून बघतो आणि ओरडतो, 'अहो, आत जागा आहे की! आम्हाला काय ताटकळत ठेवता?' शेठही गल्ल्यावरून खुणावतात, बसव, बसव. बसवलं की गिऱ्हाईक आपलं झालं, आता कुठं जातंय! पण खुर्चीवर बसवून उपाशी ठेवण्यापेक्षा माणूस दारात उभा बरा. दारात असताना त्याला निघून जाता येतं."

"मग आम्हाला दारातच सांगा ना, की जेवण यायला पाऊण तास लागेल. आम्ही ठरवू. मी बाबांना घरीच खिचडी करून वाढली असती."

"सांगितलं तर निम्मे जातील."

"जाऊ देत. जे थांबतील ते ठरवून थांबतील."

"हे तू म्हणतेस. गल्ल्यावर बसून म्हणून बघ."

इथं आमचं जुळलं नाही, आणि अजूनही जुळलेलं नाही. माझं म्हणणं असं, की जेवायला आलेल्या माणसाला खरी वेळ कळण्याचा हक्क आहे. तो हक्क मालकाच्या नफ्यातोट्यावर अवलंबून ठेवता येणार नाही. घरात वृद्ध असतात, लहान मुलं असतात, गरोदर बाई असते. त्यांची भूक थांबत नाही. फॅमिली रेस्टॉरंट अशी पाटी लावायची तर कुटुंबात कोण कोण असतं याचा विचार त्या पाटीबरोबर येतो.

मामांनी विषय दादरकडे वळवला. उडुपी हॉटेलात बसल्याबरोबर पाण्याचे ग्लास यायचे, आणि ऑर्डर दिल्यावर इडली काही मिनिटांत समोर. मी म्हटलं, तेव्हाचे वेटर चांगले होते का? मामांनी मान हलवली.

"वेटर तसेच होते. कार्ड लहान होतं. इडली, वडा, डोसा, उपमा, शिरा, कॉफी. सांबार उकळतंय, चटणी वाटून ठेवलीय, इडलीचे साचे एकामागून एक उतरतायत. मला लिहून घ्यावंसुद्धा लागायचं नाही. माटुंग्याला रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ पासून चालतंय. तिथं केळीच्या पानावर काय येणार हे आत पाऊल टाकायच्या आधीच ठरलेलं असतं. वाढप्यानं फक्त पानाकडं बघत फिरायचं. आता तुझ्या त्या रेस्टॉरंटचं कार्ड आठव. पंजाबी, चायनीज, पावभाजी, पिझ्झा, सिझलर, वर उपवासाचे पदार्थ! सात माणसांनी सात देशांचं मागवलं की सात कढया लागतात. सगळं एकदम टेबलावर यावं अशी अपेक्षा धरणंच चूक."

"कार्ड आम्ही छापलं नाही, मामा."

"पण कार्डावर कमी पदार्थ दिसले तर 'काहीच मिळत नाही इथं' म्हणून उठून कोण जातं?"

याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते अर्धवट होतं. कार्ड लांबवणं हा स्पर्धेतला निर्णय आहे आणि त्यात गिऱ्हाइकाच्या आवडीचाही वाटा आहे, हे खरं. पण ज्या पदार्थाला वेळ लागतो त्यापुढं तसं लिहायला काय हरकत? वेटरनं ऑर्डर घेतानाच 'सिझलर मागवलात तर बाकीचं थांबेल' असं म्हणायला काय हरकत? माझं बोट पुन्हा तिथंच जात होतं: सांगा. उशीर करा, पण सांगा. पाच मिनिटं म्हणून फसवू नका.

'पाच मिनिट' हा शब्द काढताच मामा उसळले.

"तो पोरगा खोटं बोलला नाही. त्याला ठाऊकच नव्हतं! आत विचारायला गेला तर उस्ताद शिव्या घालतो. बाहेर येऊन खरं सांगितलं, की अजून वीस मिनिटं, तर गिऱ्हाईक त्याच्यावर डाफरतं. शेठकडं गेला तर शेठ म्हणतो, तुला टेबल सांभाळता येत नाही. तिन्हीकडून मार खाणारा माणूस 'पाच मिनिट' नाही म्हणणार तर काय म्हणणार? आणि तो तुमच्याकडं फिरकला नाही तो उद्धटपणानं नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती त्याला. हातात रोटी नसताना तो तुझ्यासमोर येईल कसा?"

"त्यानं आमच्याकडं यायला नको होतं. कॅप्टनकडं जायला हवं होतं. एक म्हातारा माणूस गोळी घेऊन बसला आहे, हे एवढं वाक्य त्यानं एका मोठ्या माणसाच्या कानावर घालायला हवं होतं. त्याला पगार किती, त्याचा मालक कसा, हे सगळं मान्य करूनही मी हे म्हणते."

"किती दिवसांचा होता पोरगा?"

"नवा दिसत होता."

"मराठी येत होतं?"

"नाही. हिंदी, तेही अडखळत."

"म्हणजे ओडिशाचा नाही तर झारखंडचा, नाही तर नेपाळचा. जेवणाआधीची गोळी म्हणजे काय, तिच्यानंतर जेवण चुकलं तर काय होतं, हे त्याला कोण सांगणार?"

"माणूस घामेजला आहे हे दिसायला भाषा लागत नाही."

मामांनी यावर वाद घातला नाही. मी त्यांना विचारलं, "तुम्ही त्या खिडकीवर असता तर काय केलं असतं?"

त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "वाटीभर भात आणि दही. कुठल्याही भटारखान्यात रात्री साडेआठला शिजलेला भात असतोच. जीरा राइस, फ्राइड राइस, बिर्याणी, सगळ्याला तोच लागतो. दही रायत्यासाठी काढलेलं असतं. दोन मिनिटांत दाजींसमोर गेलं असतं. आणि तेही उशिरा वाटलं असतं तर गल्ल्यावरनं साखर घातलेलं लिंबू सरबत आधी."

"मग त्या पोरानं ते का आणलं नाही?"

"केओटी नाही म्हणून." मामांचा आवाज बदलला. "केओटीशिवाय आतून एक वाटी बाहेर आली तर ती चोरी धरतात. मशीनमध्ये ऑर्डर टाकल्याशिवाय उस्ताद भात देणार नाही. टाकली तर ती बिलात येणार. बिलातून काढायची तर मॅनेजरचा पासवर्ड. मॅनेजर पार्सल काउंटरवर. आमच्या वेळी ग्लास फुटला तरी पगारातनं कापायचे. एक वाटी भात स्वतःच्या जबाबदारीवर द्यायची मुभा ज्याला नाही, त्याच्याकडनं तू माणुसकी मागतेस. ती मालकाकडं माग. मी मॅनेजर झालो तेव्हा पहिलं काम हे केलं. म्हातारं माणूस, लहान पोर, आजारी माणूस, कुणी काही मागितलं तर आधी द्यायचं, मग मला सांगायचं. महिन्याला त्यात जाऊन जाऊन किती भात जातो? शेठ बोलले. मी म्हटलं, माझ्या पगारातनं कापा. कापलं नाही त्यांनी."

माझा राग त्या मुलावरून उठून गल्ल्याकडे गेला तो इथं. पूर्ण गेला नाही. पण या व्यवस्थेत गिऱ्हाइकासमोर उभा राहतो तो सगळ्यात कमी अधिकार असलेला माणूस, आणि ज्याला अधिकार आहे तो गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देत नाही, ही मांडणी मला भयंकर वाटली. ती आपोआप झालेली नाही. कुणीतरी सोयीसाठी केली आहे.

मामांना आणखी एक गोष्ट बोलायची होती आणि ती त्यांनी बोलून घेतली. चाळिशीच्या माणसाला 'ए छोटू' म्हणणारी गिऱ्हाइकं, चुटक्या वाजवणारी, शुक शुक करणारी, मुलांनी टेबलाखाली सांडलेला भात पायानं सरकवणारी. मग कामाचे तास. २०१७ साली राज्यात दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा आला तेव्हा त्यात दिवसाला नऊ तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि विश्रांती धरून सगळा पसारा साडेदहा तासांचा, असं लिहिलं होतं. "आमची ब्रेक शिफ्ट," मामा म्हणाले. "सकाळी अकरा ते साडेतीन, मग संध्याकाळी सात ते बारा. मधल्या वेळेत झोपायचं कुठं, तर त्याच हॉलमध्ये पंखे बंद करून. काम साडेनऊ तासांचंच दिसतं कागदावर. पसारा मोज म्हणजे कळेल." मी मोजला. तेरा तास. यावर माझं काहीच म्हणणं नव्हतं. वेटरला तुच्छतेनं हाक मारणाऱ्या माणसाची तक्रार मी कधीच उचलून धरणार नाही.

राहिला सर्व्हिस चार्ज. तो मी त्या रात्री बिलातून काढायला लावला होता, आणि मामांना ते आवडलं नाही.

"कायदा माझ्या बाजूनं आहे," मी म्हटलं. "२०१७ मध्येच केंद्र सरकारनं सांगितलं होतं, की हा आकार ऐच्छिक आहे. जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बिलात तो आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आधी स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. कुणी जबरदस्ती केली तर १९१५ या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करता येते."

"कायदा असेल. मी डब्याचं सांगतो. गल्ल्याशेजारी टीपचा डबा असायचा. रात्री उघडायचा, वाटे पडायचे. कॅप्टनला एवढे, वेटरला एवढे, फडक्यावाल्याला एवढे, आणि मोरीवर भांडी घासणाऱ्यालाही. तू शंभराची नोट वेटरच्या हातात दिलीस तर मोरीवरच्याला काय मिळणार? त्याला तू पाहिलंसुद्धा नाहीस. सर्व्हिस चार्ज प्रामाणिकपणानं वाटला तर तो मोरीपर्यंत पोचतो."

"प्रामाणिकपणानं वाटला तर. बिलावर कुठं लिहिलेलं असतं का, की यातला किती कुणाला गेला? आणि मामा, ज्या रात्री कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही त्या रात्री सेवेचे पैसे मी का द्यावेत?"

"मोरीवरच्यानं काय वाकडं केलं होतं तुझं? तुझं ताट त्यानं स्वच्छच घासलं होतं."

हे बोलणं मला लागलं. तरी माझं मत बदललं नाही. मोरीवरच्या माणसाचा पगार ही मालकाची जबाबदारी आहे. ती गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकून मालकाला मोकळं होऊ देणं मला मान्य नाही. मी मामांना इंडियन कॉफी हाउसचं उदाहरण दिलं. कॉफी बोर्डानं कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळुरूला, १९५७ मध्ये. तुऱ्याची पगडी घातलेला जो माणूस तिथं कॉफी आणून देतो तो त्या संस्थेचा सभासद असू शकतो.

"तिथंही कॉफीला वेळ लागतो," मामा म्हणाले.

"लागतो. पण तिथला माणूस वेळ लागेल हे तोंडावर सांगतो. त्याला कुणाची भीती नसते."

मामांनी ते पूर्ण मान्य केलं नाही. सहकारी संस्थांमध्येही मुजोरी असते, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी विचारलं, की आता पुढे काय करणार? मी म्हटलं, मालकांना भेटणार. रविवारी रात्री नको, मामांनी बजावलं. कुठल्याही वारी दुपारी चारला जा. पोरं तेव्हा जेवून आडवी झालेली असतात, शेठ हिशेब लिहीत असतो, ऐकून घेतो. आणि त्या पोराचं नाव काढू नकोस, ते त्याला उद्या भोवेल.

काय सांगायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तिथं केओटीशिवाय वाटीभर भात द्यायची मुभा प्रत्येक वेटरला हवी. दारातच खरी वेळ सांगायला हवी. याला मामा 'सांगून बघ' एवढंच म्हणाले. बिलातला सर्व्हिस चार्ज काढून तो पगारात घालावा, हे माझं. त्याला मामांनी एक अट जोडली.

"पगारात घालायचा तर पनीरची भाजी वीस-तीस रुपयांनी महागणार. तेव्हा 'इथं महाग झालं' म्हणून शेजारच्या हॉटेलात जाशील. मग शेठ पुन्हा माणूस कमी करणार. जाशील ना?"

"नाही जाणार. भाजी तीस रुपयांनी महाग चालेल, पण खिडकीवर माणूस उभा पाहिजे."

"हे शेठला सांग," मामा म्हणाले. "अगदी याच शब्दांत. आणि जमलं तर मलाही ने बरोबर. एका तंदूरवर वीस टेबलं कशी चालवायची ते मी त्याला दाखवतो."